अंगावर घाव घेणारी खार

रविवारची वंदना आटोपली होती. बायाबापड्या खीरदान घेऊन घरोघर पांगल्या होत्या आणि विहाराच्या पायऱ्यांवर वस्तीतली पाचसहा पोरे एका मोबाइलभोवती डोकी घालून बसली होती. त्यांच्यात मोठा वाद पेटला होता. "तिला संघात घेणं म्हणजे एक जागा फुकट घालवणं," असे एक म्हणत होता, तर दुसरा शाळेच्या वहीची मागची पाने उलगडून आकडे दाखवीत होता. आम्ही दोन शब्द सुनवायला म्हणूनच जवळ गेलो. एका पोराच्या वडिलांनी तर आदल्याच दिवशी आमच्याकडे गाऱ्हाणे घातले होते, की फोन काढून घेतो आता, दिवसभर जनावरांच्या मारामाऱ्या बघतो. पण वहीतले ते आकडे पाहिले आणि सुनवायचे राहून गेले. तासभर आम्हीच पायरीवर बसून ऐकत राहिलो. त्यानंतर घरी चौकशी केली, वाचले, स्वतः कागदावर हिशेब मांडला. ती जी 'ती' होती, तिची ही हकीकत.

तिचे नाव पाचिरिसू. जपानी भाषेत 'रिसू' म्हणजे खार, आणि ही वीज अंगात बाळगणारी खारच आहे. उंची 40 सेंटिमीटर, वजन चार किलोच्याही आत. पोकेमॉन नावाच्या जपानी खेळात 2006 साली ती पहिल्यांदा आली. हा खेळ 1996 पासून चालू आहे. त्यात शेकडो काल्पनिक जनावरे आहेत, आणि खेळणाऱ्याने त्यांना पकडायचे, शिकवायचे, दुसऱ्याच्या जनावरांशी लढवायचे. घरातल्या टीव्हीवर मुलांनी पिकाचू पाहिला असेल, तो याच कुळातला.

या खेळात प्रत्येक जनावराला सहा आकडे असतात: जीव, मारा, बचाव, खास मारा, खास बचाव आणि वेग. ते ज्या जातीचे, त्या जातीचे आकडे ठरलेले. पाचिरिसूचे आकडे असे: जीव 60, मारा 45, बचाव 70, खास मारा 45, खास बचाव 90, वेग 95. बेरीज 405. गारचॉम्प नावाचा एक ड्रॅगन आहे, त्याची बेरीज 600, नुसता मारा 130. गायराडोस नावाचा समुद्री राक्षस 540. बरेच पोकेमॉन मोठे झाले की रूप बदलून बलवान होतात. पाचिरिसूच्या नशिबी तेही नाही, ती जन्मभर खारच राहते.

जन्मावरून आकडा ठरतो आणि तो बदलत नाही, हे ऐकल्यावर आमच्या कपाळाला आठी पडली, हे कबूल करतो. प्रत्येक गोष्टीला आपल्या चळवळीचा धागा जोडण्याची आम्हाला खोड आहे. इथे ती आवरतो, कारण खेळ तो खेळ, आणि माणसाला बेरीज नसते. पण पायरीवरचा तो वहीवाला पोरगा जे सांगत होता त्यात हा मुद्दा आपोआप येतो, कारण या खेळाला दुसरीही बाजू आहे. जातीच्या आकड्यांवर प्रत्येक जनावराला शिकवणुकीचे 510 गुण वाटता येतात, एका आकड्यात जास्तीत जास्त 252. ते कुठे टाकायचे हे खेळणाऱ्याच्या डोक्यावर. त्याशिवाय प्रत्येकाला चारच चाली नेता येतात, त्या निवडणेही त्याच्याच हाती.

आता 2014 साली काय झाले ते सांगतो. ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात या खेळाची जागतिक स्पर्धा भरली. मोठ्यांच्या गटाचे अजिंक्यपद दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क या तरुणाने मिळवले. त्याच्या संघात गायराडोस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेव्होअर आणि गॉथिटेल होते. आणि सहावी होती पाचिरिसू. जगातले निवडक खेळाडू जमलेल्या ठिकाणी हा गडी खार घेऊन आला, म्हणून बघणाऱ्यांना आधी गंमत वाटली. अंतिम सामन्यापर्यंत ती गंमत कुणाला उरली नव्हती.

पार्कने ती हौस म्हणून घेतली नव्हती. त्यामागचा हिशेब समजायला त्या स्पर्धेचे नियम समजून घ्यावे लागतात. प्रत्येकाने सहा जनावरे आणायची, समोरच्याची सहा बघून त्यांतली चार निवडायची, आणि मैदानात एका वेळी दोन्ही बाजूंची दोन-दोन. म्हणजे चौघांची लढाई. दोन्ही खेळाडू एकाच वेळी, एकमेकांना न दाखवता, आपापल्या दोघांना हुकूम देतात. मग ज्याचा वेग जास्त तो आधी वार करतो. सगळ्यांची पातळी 50 धरली जाते, त्यामुळे जास्त दिवस खेळला म्हणून जास्त बलवान, असे चालत नाही. ही गोष्ट आम्हाला आवडली.

आपल्याकडची कबड्डी डोळ्यांपुढे आणा. अंगाने काटकुळा गडी चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो. तो एकट्याने धिप्पाड माणूस लोळवू शकत नाही, पण त्या क्षणभराच्या अडकण्यात बाकीचे चौघे तुटून पडतात. गुण सगळ्या संघाच्या नावावर लागतो. दोन-दोनच्या लढाईत पाचिरिसू घोटा धरणारी आहे.

तिची पहिली चाल 'फॉलो मी'. ही चाल केली की त्या फेरीत समोरच्या दोघांचे एकाला उद्देशून मारलेले वार तिच्यावरच येतात, शेजारच्याला लागत नाहीत. ही चाल साध्या वारांच्या आधी घडते, म्हणून वेगाची चिंता नाही. ती पाचिरिसूला आपसूक येत नाही. ज्यांना येते त्यांच्याकडून अंड्यातून पिल्लाला वारशाने द्यावी लागते, म्हणजे मुद्दाम खटपट करून जन्माला घालावी लागते. एवढी खटपट कुणी या खारीसाठी करील, असे समोरच्यांना वाटलेच नसावे.

तिच्या आडोशाला उभा राहणार कोण? गायराडोस. हा पाण्याचा आणि हवेचा प्राणी, आणि विजेचा वार त्याला चौपट लागतो. एका फटक्यात तो आडवा होतो. त्याचा शत्रू विजेचा वार मारणार हे ठरलेलेच. आता पाचिरिसूच्या अंगी एक गुण असतो, 'व्होल्ट अॅब्सॉर्ब'. विजेचा वार तिला लागतच नाही, उलट तिचा जीव चौथाईने भरून निघतो. गायराडोसला मारायला सोडलेली वीज फॉलो मीने खारीकडे वळते आणि तिचे औषध होते. शत्रूने वीज सोडली तर फुकट जाते, नाही सोडली तर गायराडोस मोकळा. अशा वेळी त्याला 'ड्रॅगन डान्स' ही ताकद आणि वेग दोन्ही वाढवणारी चाल करायला एक फेरी मिळाली, की समोरच्याचे काही खरे नाही. मग त्याच्यात मेगा रूप घेण्याची सोय आहे, त्या रूपात त्याचा जातीचा मारा 125 वरून 155 वर जातो.

तिची दुसरी चाल 'नझल'. याचा वार अगदी नाममात्र, ताकद 20. पण ज्याला तो लागतो त्याला लकवा हमखास मारतो. 2014 च्या नियमांत लकवा झाला की वेग चौथाईवर यायचा. त्या काळी कांगासखान नावाची पोटात पिल्लू बाळगणारी माता सगळ्यांच्या संघात असे. पूर्ण शिकवणुकीनंतर मेगा रूपात तिचा वेग पातळी 50 ला 167 पर्यंत जाई. लकव्यानंतर तो 41. मैदानातले बहुतेक सगळे मग तिच्या आधी वार करणार. शिवाय चार फेऱ्यांत साधारण एकदा तिचे अंगच हलणार नाही. एक पथ्य मात्र आहे: जमिनीच्या प्रकारच्या जनावरांना, म्हणजे गारचॉम्पसारख्यांना, विजेचा वार लागत नाही, म्हणून नझलही लागत नाही.

तिसरी चाल 'सुपर फँग'. आम्हाला सगळ्यांत अक्कल या निवडीत दिसली. पाचिरिसूचा मारा 45. तिने साधा वार केला तर कुणाला खरचटणारही नाही. सुपर फँग ही चाल मारणाऱ्याची ताकद विचारातच घेत नाही. समोरच्याचा जेवढा जीव उरला असेल, त्याच्या निम्मा काढून घेते. समोर डोंगर असो की ढेकूळ, निम्मा. ज्याच्या मनगटात जोर नाही त्याने जोर न विचारणारे हत्यार उचलावे, हे कुणाला सुचायला वेळ लागत असेलही. अडचण इतकीच, की दहातले एक वेळी ती चुकते आणि भुतांना लागत नाही. चौथी चाल 'प्रोटेक्ट', म्हणजे एका फेरीपुरते स्वतःला पूर्ण झाकून घेणे. लागोपाठ केली तर बहुधा फसते.

पायरीवरचा विरोध करणारा पोरगा इथे बरोबर बोलला. "हे सगळं ती जिवंत राहिली तर," तो म्हणाला. "गारचॉम्पने भूकंप केला की संपलं." भूकंप, म्हणजे 'अर्थक्वेक', हा जमिनीचा वार. विजेच्या जनावराला एवढा एकच प्रकार दुप्पट लागतो. आणि हा वार एकाला उद्देशून नसतो, मारणाऱ्याच्या सोबत्यासकट सगळ्यांवर पडतो, म्हणून फॉलो मीने तो वळवताही येत नाही. गायराडोस हवेतला असल्यामुळे सुटतो. पाचिरिसू सुटत नाही.

वहीत याचाच हिशेब होता. आम्ही तो घरी दिव्याखाली पुन्हा करून पाहिला, आठवीच्या अपूर्णांकांपलीकडचे गणित त्याला लागत नाही. वेगावर भर देऊन शिकवलेला गारचॉम्प धरा. पातळी 50 ला त्याचा मारा 182 होतो. भूकंपाची ताकद 100. अनेकांवर पडतो म्हणून त्याचा जोर पाऊणपट, स्वतःच्या प्रकारचा म्हणून दीडपट, आणि विजेवर जमीन म्हणून दुप्पट. न शिकवलेली पाचिरिसू घेतली, जन्मजात गुण पुरे धरले, तर तिचा जीव 135 आणि बचाव 90. तिला बसणारा घाव 168 ते 200. म्हणजे ती गेलीच, नशीब कितीही चांगले असो.

आता शिकवणुकीचे 252 गुण जिवात आणि 252 बचावात टाका, आणि तिचा स्वभाव बचावाला दहा टक्के वाढ देणारा घ्या. जीव होतो 167, बचाव 134. तोच गारचॉम्प, तोच भूकंप. घाव येतो 116 ते 138. निदान 29 जीव शिल्लक. पार्कने तिच्या हाती 'सिट्रस बेरी' नावाचे फळ दिले होते. जीव निम्म्यावर किंवा खाली आला की ती ते खाते आणि पूर्ण जिवाची चौथाई, म्हणजे 41, परत मिळवते. जिला एका फटक्यात संपायचे होते ती पुढच्या फेरीला पुन्हा घोटा धरायला उभी.

आणि अजून गायराडोसचे देणे बाकीच आहे. तो मैदानात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या धाकाने समोरच्या दोघांचाही मारा दोन तृतीयांशावर येतो. याला 'इंटिमिडेट' म्हणतात. 182 चा मारा 121 झाला, की भूकंपाचा घाव 78 ते 92. खार गायराडोसवरची वीज पिते, गायराडोस खारीवरचा भूकंप दोन तृतीयांशाजवळ आणतो. आम्ही हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा त्या पोराचे म्हणणे पटले. दोघांपैकी कुणी कुणावर उपकार करीत नाही, दोघांनाही एकमेकांशिवाय चालत नाही.

वरचा विरोधक तरीही शांत झाला नव्हता. त्याचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता: हेच काम करणारे दुसरे बलवान जनावर नव्हते का? होते. अमूंगस नावाचे एक विषारी अळंबे त्या वर्षी फार चालायचे. त्याची बेरीज 464, जीव 114. तेही वार स्वतःकडे ओढते, 'रेज पावडर' नावाच्या चालीने. पण 2013 साली आलेल्या एक्स आणि वाय या खेळांपासून नियम बदलला होता: भुकटीच्या चाली गवताच्या जनावरांवर चालत नाहीत, आणि 'सेफ्टी गॉगल्स' घातलेल्यावरही नाहीत. फॉलो मी भुकटी नाही, त्यामुळे तिला हा अडथळा नाही. दुसरे म्हणजे टॅलनफ्लेम. त्या काळी या ससाण्याच्या हवेतल्या वारांना सगळ्यांच्या आधी जाण्याची मुभा होती, आणि जो तो त्याला बाळगून होता. हवेचा वार अमूंगसला दुप्पट लागतो, पाचिरिसूला निम्मा. तिसरे, 2014 च्या स्पर्धेत फक्त एक्स-वायमधल्या कालोस प्रदेशाच्या यादीतलीच जनावरे चालत होती. फॉलो मी येणारी टोगेकिससारखी नावाजलेली जनावरे त्या यादीत नव्हती. वीज पिणारी, हवेचा वार सोसणारी, भुकटीच्या नियमातून सुटणारी आणि वार स्वतःवर घेणारी, या चारही अटी एकत्र लावल्या, तर यादीत चाळण लावून शेवटी खारच उरते. पार्कने ती दयेपोटी उचलली नाही. त्याला जे काम करून घ्यायचे होते त्याला तीच लायक होती.

हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो, कारण त्या विजयानंतर दुबळ्याच्या जयाची एक गोड गोष्ट सगळीकडे फिरली, आणि अनेकांनी आपल्या संघात पाचिरिसू कोंबली. गायराडोस नाही, संघाला विजेची भीती नाही, समोर टॅलनफ्लेमही नाही, आणि खार मात्र आहे. अशा संघात ती खरोखरच एक जागा अडवते. विरोध करणारा पोरगा त्या अर्थाने खोटा नव्हता. त्याने पाचिरिसू एकटी पाहिली होती. वहीवाल्याने संघ पाहिला होता.

आता आयाबापांसाठी दोन शब्द, कारण हे पान त्यांचेही आहे. या खेळाचे मूळ यंत्र महाग आहे. आपल्या घरात ते घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. पण लढाईचा सराव फुकट करता येण्याची सोय आहे, आणि तीत पैसे देऊन बळ विकत मिळत नाही. मोबाइलवरच्या काही खेळांत मुले आईबापांच्या खात्यातून पैसे उडवतात, तो प्रकार वेगळा, त्याच्यावर नजर ठेवलीच पाहिजे. डोळे आणि झोप यांचाही विचार हवा, दिवसाला किती वेळ हे घरात बसून ठरवावे. एवढे झाल्यावर पोराला एक विचारा: तू हा गडी का घेतलास? त्याला उत्तर देता आले, आकड्यांनिशी देता आले, तर तो नुसता बोटे चालवीत नाही. उत्तर नसेल तर मग रागवा.

ज्यांनी गाऱ्हाणे घातले होते त्या गृहस्थांना आम्ही पुढच्या रविवारी पायरीवर नेऊन बसवले. ते गिरणीतून निवृत्त झालेले, तरुणपणी वस्तीच्या संघाकडून कबड्डी खेळलेले. पोराने वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून 116 ते 138 या आकड्यांवर बोट ठेवले आणि विचारले, दोन आकडे कशाला, एकच का नाही? पोरगा म्हणाला, प्रत्येक वारात थोडे नशीब असते, 85 पासून 100 टक्क्यांपर्यंत. म्हणून सगळ्यांत वाईट धरून चालायचे, 138. "मग 29 उरतात," वडील म्हणाले, आणि बराच वेळ वहीच चाळत राहिले.

तेवढ्यात पुण्याला शिकणारा त्याचा मावसभाऊ आला. त्याने कांगासखानच्या वेगाचे पान पाहून चूक काढली. लकव्याने वेग चौथाईवर येतो हा जुना नियम, 2016 च्या खेळांपासून तो निम्म्यावरच येतो. म्हणजे 167 चे 41 होत नाहीत, 83 होतात, आणि 83 च्या पुढे कोण जाते, कोण नाही, ही सगळी यादी नव्याने करावी लागणार. वहीवाल्याने 41 वर काट मारली, वडिलांच्या खिशातले पेन मागून घेतले, आणि शेजारी 83 लिहून नवे पान उघडले.